टाकिलच्या नावाखाली

‘झाड जगलंय ना? मग तक्रार कसली?’ हे मी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ऐकलं, दिवाळीच्या फराळाला ऐकलं, घरात तर येता-जाता ऐकतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. जगणारं झाड मला त्याच विक्रेत्याकडे, त्याच उंचीचं, नव्वद पौंडांत मिळत होतं. मी दोनशे ऐंशी मोजले, कारण पाटीवर ‘ट्रॅकिकार्पस टाकिल, मूळ कुमाऊँ’ असं लिहिलेलं होतं. वरचे एकशे नव्वद पौंड कशाचे, एवढाच माझा प्रश्न होता. त्याचं सरळ उत्तर त्या माणसानं आजतागायत दिलेलं नाही.

लीड्ससारख्या गावात पाम लावायचं खूळ डोक्यात कसं शिरलं, ते सांगत बसत नाही. गुहागरच्या आगरात वाढलेल्या माणसाला अंगणात एखादं झावळ्यांचं झाड हवंसं वाटलं, तर त्यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? माड इथे होणार नाही, पोफळ होणार नाही, हे मलाही कळतं. थंडी सोसणारे पाम जगात मोजकेच, आणि त्यातला सगळ्यात भरवशाचा म्हणजे चीनचा ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. इंग्लंडात तो दीडशेहून जास्त वर्षं आहे. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माणसानं १८४९ साली चीनमधून पाठवलेली रोपं क्यूच्या बागेत आणि व्हिक्टोरिया राणीच्या ऑसबोर्न हाउसमध्ये पोचली, त्यावरून त्याचं नाव. (ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं हिमालयात नेणारा फॉर्च्यून तो हाच. त्या काळी कुणी कुणाला विचारून काही नेत नसे.) पंख्यासारखी पानं, खोडावर काथ्यासारखं तपकिरी केसाळ आवरण. मी तोच घ्यायला गेलो होतो. नव्वद पौंड खिशात घेऊन.

विक्रेता यॉर्कशरमधलाच. नाव लिहीत नाही. ज्यांना पाम लावायचेत त्यांना तो आज ना उद्या भेटेलच. माणूस गोड. मी हातात घेतलेली कुंडी त्यानं काढून घेतली आणि म्हणाला, “तुम्ही भारतातले ना? मग हा चिनी कशाला नेता? तुमच्याच देशातला पाम आहे माझ्याकडे.” मग नर्सरीच्या पॉलिटनेलच्या टोकाला नेऊन त्यानं टाकिल दाखवला, आणि त्याची गोष्ट सांगितली. गोष्ट खरी होती, हे मुद्दाम नमूद करतो. टाकिल पिथोरागढजवळच्या थलकेदारच्या डोंगरावर, बांज आणि बुरांसच्या रानात, दोन हजार मीटर आणि त्याहून वर वाढतो. थंडीत तिथे बर्फ पडतं. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०५ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे कित्येक दशकं रानातली झाडं कुणी नीट पाहिलीच नव्हती. १९९० च्या दशकात पामच्या शोधात हिंडणाऱ्यांनी ती पुन्हा धुंडाळली. कॉलेजात असताना मुनसियारीला जाताना मी पिथोरागढला मुक्काम केलेला. त्यामुळे हे सगळं ऐकताना कुणाही मराठी माणसाचा हात खिशाकडे गेला असता. गेला.

वर त्यानं ‘हिवाळी संच’ म्हणून साठ पौंडांचं एक खोकंही गळ्यात मारलं: पांढरं फ्लीस, बांधायच्या दोऱ्या आणि खोडाभोवती गुंडाळायची तापणारी वायर. कुमाऊँच्या बर्फात शतकानुशतकं उभ्या राहिलेल्या झाडाला लीड्समध्ये विजेची शेगडी कशाला लागावी, हे त्यानं सांगितलं नाही. हा प्रश्न विचारणं हे ग्राहकाचं काम असतं, असं कुणी मला सुचवणार असेल, तर त्यानं कृपया हा लेख इथेच मिटावा.

तो २०२२ चा मे महिना. डिसेंबरात ती थंडी आली. आठवड्याहून जास्त काळ दिवसाही पारा शून्याच्या आसपास घुटमळत होता, आणि एका पहाटे परसातल्या माझ्या थर्मामीटरवर उणे आठ दिसलं. शेजारच्या आजोबांची कॉर्डिलाइन, जिला ते आयुष्यभर ‘माझा पाम’ म्हणत आले, जानेवारीत वरून खाली मऊ पडली. माझं झाड हिरवंगार. मी त्याला वायर लावलीच नव्हती, फ्लीससुद्धा फक्त दोन रात्री. मंडळातल्या लोकांनी फोटो मागितले. मी अभिमानानं सांगितलं, आपल्या कुमाऊँचा आहे. किती जणांना सांगितलं हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पुढच्या जूनमध्ये घराच्या वाऱ्याच्या बाजूला लावायला लहान, ताठ पानांचा वॅग्नेरिआनस नावाचा पाम हवा होता, म्हणून पुन्हा त्याच टनेलमध्ये गेलो. उन्हाळा, टनेलची दोन्ही दारं उघडी, आत ओल्या मातीचा वास. नुकताच माल उतरला असावा. एका लाकडी क्रेटमध्ये सारख्याच उंचीच्या काळ्या कुंड्या दाटीनं उभ्या होत्या, आणि एक पोरगा लेबलांचे दोन गठ्ठे हातात घेऊन उभा होता. त्यानं ओरडून विचारलं, “यांना कुठलं लावू?” मालक पाठमोरा, नळीनं पाणी घालत होता. वळलासुद्धा नाही. म्हणाला, “पुढची रांग टाकिल. मागची साधी.”

एकच क्रेट. एकाच मापाच्या कुंड्या, एकच माती, पानांवर एकच पांढरट धूळ. पोरगा पुढच्या रांगेत हिरवी लेबलं खोचत गेला, मागच्या रांगेत पिवळी. हिरव्यावर २८०, पिवळ्यावर ९०. मी तिथे उभा राहून ते पाहत होतो. नळ बंद करून मालक वळला, त्यानं मला पाहिलं, पोराच्या हाताकडे पाहिलं, आणि अजिबात न गडबडता म्हणाला, “आज हवा काय सुंदर पडलीय, नाही?”

ते वाक्य मी विसरू शकत नाही. निदान चेहरा तरी पडायला हवा होता.

मी काही न बोलता निघालो. बोललो नाही, कारण हातात पुरावा नव्हता. नुसतं तोंडी विचारलं असतं, तर त्यानं त्या पोरालाच नवखा ठरवलं असतं. घरी येऊन थेट शेडमध्ये गेलो. जुन्या कुंड्या फेकून द्या म्हणून ही वर्षभर माझ्यामागे लागली होती, पण कोकणातल्या माणसाच्या घरातून कुंडी बाहेर जात नाही. माझ्या ‘टाकिल’ची मूळ कुंडी तिथे होती. चिखल पुसला, आणि कडेच्या खाली निळ्या युरोपीय झेंड्याची एक चिकटपट्टी दिसली. ए, बी, सी, डी अशा चार ओळी. ए समोर लिहिलं होतं ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. डी समोर आय टी, म्हणजे इटली.

हा वनस्पतींचा पासपोर्ट. रोगकिडी पसरू नयेत म्हणून युरोपात आणि ब्रिटनमध्ये व्यापारी रोपांना तो सक्तीचा असतो: ए म्हणजे वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बी म्हणजे नर्सरीचा नोंदणी क्रमांक, सी म्हणजे मालाचा माग काढायचा संकेत, डी म्हणजे कुठल्या देशातून आलं ते. म्हणजे ज्या नर्सरीनं झाड वाढवलं तिनं ते प्रामाणिकपणे फॉर्च्युनाय म्हणून विकलं होतं. टाकिल ते इंग्लंडात आल्यावर झालं.

यावर लोक मला म्हणतात, दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही थंडी सोसतात, मग बिघडलं काय? कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकला आणि तो गोड निघाला, तर आपण गप्प बसतो का? मग इथेच का बसावं?

मी फोटोसकट ईमेल लिहिला. शांतपणे लिहिला, हिनं दोन विशेषणं काढायला लावली. उत्तर आलं की चिकटपट्टी जुनी असेल, आम्ही पर्यावरणाचा विचार करून कुंड्या पुन्हा वापरतो. मी लिहिलं, कुंडीचं माप त्या दिवशीच्या क्रेटमधल्या कुंड्यांशी जुळतं, क्रेट मी पाहिलंय. मग सूर बदलला. ट्रॅकिकार्पसच्या नावांबद्दल शास्त्रज्ञांतच एकमत नाही, म्हणे. हे अर्धसत्य, म्हणून जास्त चीड आणणारं. वॅग्नेरिआनस ही वेगळी जात की फॉर्च्युनायचाच एक प्रकार, यावर मतभेद आहेत, आणि क्यूचे लोक त्याला फॉर्च्युनायमध्येच धरतात, हे खरं. पण त्या मतभेदाच्या आडोशानं एका क्रेटची दोन भावांत विभागणी करता येत नाही. शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं, तर लेबल छापताना याचं कसं झालं?

त्यानंतर आलेलं पत्र मात्र मी जपून ठेवलंय. त्यात लिहिलं होतं की तुमच्याकडच्या लोकांना नारळाची सवय असते, त्यामुळे समशीतोष्ण हवेतल्या पामची बारीक ओळख पटायला वेळ लागतो. आगरात जन्म घालवलेल्या माणसाला हे! माडाचा गाभा कुठे असतो, सोंड्या भुंगा खोडात शिरला की कान लावून आतला कुरतडण्याचा आवाज कसा ऐकायचा, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. शेवटी त्यानं पुढच्या खरेदीवर दहा टक्क्यांचं कूपन देऊ केलं, आणि मी ते नाकारल्यावर उत्तरं द्यायचंच थांबवलं.

एका वनस्पतिउद्यानात पामच्या जाणकार असलेल्या बाईंना मी पानांचे, बुंध्याचे फोटो दाखवले. त्या नेमकं बोलल्या आणि जपून बोलल्या. टाकिलच्या पानात पट्ट्या जास्त असतात, साठाच्या घरात जातात. लहान रोपाचं खोड सुरुवातीला तिरकं वाढतं. माझ्या झाडात यातलं काहीच दिसत नाही. तरी एवढ्या वयाच्या झाडाबद्दल नुसत्या पानावरून शपथेवर सांगणार नाही, असंही म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्या विक्रेत्याच्या साऱ्या गोड बोलण्याहून मोलाचं वाटलं: टाकिल आहे हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची, बी कुठल्या झाडाचं, कुठल्या डोंगरावरचं, कुणी गोळा केलेलं, याची नोंद नसेल तर तो टाकिल नाही, असंच धरून चालायचं. नैनितालच्या झाडांचं बी वर्षानुवर्षं टाकिल म्हणून जगभर गेलं, आणि ती झाडं नंतर फॉर्च्युनायच्या जातकुळीतली निघाली. म्हणजे पाटीवर नुसतं ‘कुमाऊँ’ असून भागत नाही. नैनितालही कुमाऊँतच आहे.

पैशांचं काय झालं ते सांगतो, कारण मंडळातल्या निम्म्या लोकांना हा कायदा माहीत नाही. मी क्रेडिट कार्डानं पैसे भरले होते. १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ खाली, शंभर पौंडांहून जास्त आणि तीस हजारांपर्यंत किमतीची एखादी वस्तू क्रेडिट कार्डानं घेतली, आणि विकणाऱ्यानं फसवलं, तर कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही. कंपनीनं खूप कागद मागितले. कुंडीचा फोटो, पावती, पाटीचा फोटो (तो सुदैवानं मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर फुशारकी मारताना टाकलेला होता) आणि त्याचे ईमेल. शेवटी दोन किमतींमधला फरक, एकशे नव्वद पौंड, परत आला. संचाचे साठ गेले. तो अजून टाकिल विकतोय.

आता ज्यांना खरंच इथे पाम लावायचेत त्यांच्यासाठी, सुचेल तसं.

घेताना पासपोर्टची पट्टी पाहा, लेबल नंतर. दुकानात समोरासमोर घेतलेल्या रोपाला पट्टी असलीच पाहिजे असं नाही, पण ऑनलाइन मागवलेल्याला ती लागते, आणि मोठ्या रोपांच्या कुंडीवर बहुधा राहून गेलेली असते. पट्टी खरवडलेली दिसली तर तिथून हलाच. पट्टीचा आणि पाटीचा एकत्र फोटो काढा. लपून नको, त्याच्यासमोर काढा. त्याचा चेहरा कसा होतो तेही बघायला मिळतं.

पानाचं देठ हातात धरून पाहा. कुठल्याही पुस्तकापेक्षा हा उपाय लवकर शहाणं करतो. फॉर्च्युनायच्या देठावर अगदी बारीक दात असतात, बोटाला खरखर लागते इतकेच. देठावर वाकडे दणकट काटे असतील आणि पानाच्या पट्ट्यांमध्ये पांढरे सुती धागे लोंबत असतील, तर ती वॉशिंग्टोनिया. सुपरमार्केटांमध्ये उन्हाळ्यात ‘थंडीला चिवट’ म्हणून स्वस्तात मिळते ती बहुधा हीच, त्यातही रोबस्टा जात. उत्तर इंग्लंडातल्या खऱ्या थंडीत ती पहिल्याच खेपेला जाते. देठावर काटे आहेत, पण झाड बुटकं आणि बुडापासून अनेक कोंब फुटलेले, तर तो भूमध्य समुद्राकाठचा कॅमेरॉप्स. तो चांगला आहे, फक्त फॉर्च्युनायइतका चिवट नाही. पिसासारखी पानं आणि देठाच्या बुडाला लांब सुया असतील तर कॅनरी बेटांचा फिनिक्स. तो लंडनमध्ये लावा, लीड्समध्ये नको. आणि तलवारीसारख्या अरुंद पानांचा, खोडाला फांद्या फुटलेला जो ‘टॉर्की पाम’, ‘कॉर्निश पाम’ म्हणून विकतात, तो मुळी पामच नव्हे. ती न्यूझीलंडची कॉर्डिलाइन. स्कॉटलंडमधल्या प्लॉकटनला समुद्रकाठी ज्या ‘पाम’च्या रांगेचे फोटो लोक काढतात, ती रांगही कॉर्डिलाइनचीच. तिचं एक मात्र चांगलं: वरचं सगळं गेलं तरी बुडातून पुन्हा फुटते. शेजारच्या आजोबांची फुटली. एकखोडी पामचा कोंब मेला की झाड संपलं.

त्या कोंबाबद्दलच सगळ्यात जास्त सांगायचंय. माड असो नाहीतर फॉर्च्युनाय, वाढ होते ती एकाच गाभ्यातून, शेंड्याच्या मध्ये. थंडीनं पानं जळली तर घाबरू नका, पानं पुन्हा येतात. खरा धोका म्हणजे शेंड्यात पाणी साठून ते गोठणं आणि मग कोंब कुजणं. आपल्याकडे पावसाळ्यात माडाचा कोंब कुजतो, तसाच प्रकार इथे फेब्रुवारीत दिसतो. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये मधली न उघडलेली सुई बोटांनी हळूच ओढून पाहा. घट्ट असेल तर ठीक. हातात आली आणि बुडाला तपकिरी, आंबूस वासाची असेल, तर आत पाणी जाणार नाही असं झाकण वर करा, कुजलेलं पुसून काढा, औषधांच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड गाभ्यात ओता, फेस थांबला की कोरडं होऊ द्या, आणि मग वाट पाहा. बोर्डो मिश्रण इथे घरगुती वापरासाठी मिळत नाही, शोधत बसू नका. नवीन सुई कधी कधी जूनअखेर दिसते. तोवर झाड उपटून टाकायची घाई करू नका.

झाड वाढतंय की नुसतं उभं आहे हे कळायला एक सोपी युक्ती: मधल्या सुईवर आणि तिच्या शेजारच्या देठावर मार्करनं एकाच पातळीत आडवी रेघ ओढा. दोन-तीन आठवड्यांनी सुईवरची रेघ वर सरकलेली दिसली, तर गाभा जिवंत आहे.

थंडीच्या आकड्यांवर विश्वास ठेवताना सावध राहा. ‘उणे वीस’ लिहिलेल्या पामच्या जाती खऱ्याच उणे वीस सोसतात, पण कुठे? अमेरिकेच्या आग्नेय भागातला रॅपिडोफायलम, म्हणजे काटेरी सुयांचा पाम, आणि तिकडचाच सेबल मायनर ही त्यांची ठळक उदाहरणं. त्यांना त्या थंडीआधी जॉर्जियाचा घामट उन्हाळा लागतो. यॉर्कशरच्या उन्हाळ्यात ते वर्षभरात एखादं पान काढतात आणि थंडीला कच्च्या अवस्थेत सामोरे जातात. अमेरिकी झोनच्या आकड्यात इंग्लंड आणि उत्तर फ्लोरिडा शेजारी दिसतात, म्हणून कुणी तुम्हाला काही विकत असेल तर त्याला विचारा, जुलैत इथे किती तापतं? इथल्यासाठी इथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे दर्जे बघा. एच ५ म्हणजे उणे पंधरा ते उणे दहा. फॉर्च्युनाय त्यात आहे. एच ४ म्हणजे उणे दहा ते उणे पाच, कॅमेरॉप्स त्यात.

लावायचं ते मेअखेर ते जून, माती तापल्यावर. सप्टेंबरात ‘सेल’ लागतो तेव्हा नको. मुळं धरायच्या आत थंडी येते. खोल पुरू नका. चिकणमाती असेल तर उंचवट्यावर लावा. उन्हाळ्यात फॉर्च्युनायला भरपूर पाणी लागतं, हे लोक विसरतात. कुंडीतल्या झाडाची मुळं पानांच्या आधी गोठतात, म्हणून कुंडी भिंतीला टेकवून, बबलरॅपमध्ये गुंडाळून ठेवा. जमिनीत रुळलेल्या फॉर्च्युनायला फार तर पानं वर बांधून फ्लीस, तेही कडाक्याच्या रात्रींपुरतं. ऊन आलं की सोडा, नाहीतर आत दमटपणा साचतो. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. नाताळचे दिवे गुंडाळून ऊब मिळते असं सांगतात, ते जुन्या तापणाऱ्या बल्बचं. एलईडी दिव्यांनी झाड फक्त सुंदर दिसतं. वारा फार असेल तर वॅग्नेरिआनस घ्या, त्याची पानं फाटत नाहीत. खोडावरचे केस सोलून गुळगुळीत करायची फॅशन आलीय; करू नका. पामच्या खोडावरची जखम भरून येत नाही. खत साधं, पोटॅश असलेलं. तण काढत राहा. नवीन झाडाबाबत धीर धरा. हे सगळ्यांना माहीत असतंच.

कायदा पुन्हा एकदा: २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. घेतल्यापासून तीस दिवसांत लक्षात आलं तर सरळ परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतरही हक्क संपत नाही, पण वाद वाढतो. म्हणून रोप घरी आणल्या आठवड्यातच ओळख पटवून घ्या, हिवाळ्याची वाट बघू नका. आणि पैसे क्रेडिट कार्डानं भरा, विक्रेत्यानं कितीही गोड आवाजात ‘रोख दिलेत तर दहा पौंड कमी’ म्हटलं तरी.

आणखी एक, कारण गणपतीत दोघांनी विचारलं. पुढच्या सुट्टीत पिथोरागढहून बी बॅगेत टाकून आणू का? आणू नका. ब्रिटनमध्ये अशा बियांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, विमानतळावर काढून घेतात, आणि रानातली झाडं आधीच थोडी आहेत. त्यापेक्षा बी कुठून आलं याची लेखी नोंद ठेवणारा उत्पादक शोधा आणि लहान रोप घ्या. तळहाताएवढं असताना ते फार महाग नसतं. खोड तिरकं निघालं तर मला कळवा, मी बघायला येईन. कुंडी फेकू नका.